बारा नंबरचा पंप

"पंप गेला न्हाई, मिस्त्री. पंप हवा खातोय."

यल्लाप्पा हे बोलला तेव्हा क्रशरवरची दहा-बारा माणसं भोवती उभी होती. मालकही उभे होते. आणि मी दोनच मिनिटांपूर्वी छाती फुगवून मालकांना सांगून बसलो होतो, की मेन पंप संपला. माझं डोकं तापलं.

"आण्णा, तुम्ही दांड्या हलवा. पंपाचं माझ्यावर सोडा."

"सोडतो की. पण आधी टाकीचं झाकण उघडून बघ. ऑइलला फेस आलाय, साबणाच्या पाण्यागत. कुठनंतरी हवा आत जातीय."

"पंप झिजल्यावरही फेस येतो."

"येतो. पण आवाज येगळा असतो."

"म्हणजे मला आवाज कळत नाही म्हणा की!"

मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक डंपरचा ड्रायव्हर असावा. मी वळून बघितलं तर सगळे मशीनकडं बघत होते. पण ते हसू माझ्या कानात शिरून बसलं ते बसलंच.

"उद्या उघडतो आणि दाखवतो," मी मालकांना म्हणालो. "पंपच गेलाय. दस्तगीरचं निदान आजवर चुकलं नाही."

मी दस्तगीर मुजावर. आता मिरजेत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण बावीस वर्षांपूर्वी मी पोकलेनचा फिरता मिस्त्री होतो. मोटरसायकलला पान्यांची पेटी बांधायची आणि सांगलीपासून जतपर्यंत जिथं मशीन बंद पडेल तिथं जायचं. कवठेमहांकाळच्या बाजूला सयाजीराव बाबरांची दगडाची खाण आणि खडी क्रशर होता. तिथं एकच पोकलेन होतं. धरणाच्या कामावर राबून निघालेलं, लिलावात घेतलेलं. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात बारा आकडा होता, म्हणून सगळे त्याला बारा नंबर म्हणायचे.

काय मशीन होतं ते! वय पंचवीस-सव्वीस वर्षं, पण इंजिन पहिल्या सेल्फला उठायचं. पत्रा असा जाड, की हातोडा मारला तर हातोडाच उलटा यायचा. अडचण एकच, त्याचे पार्ट कुठं मिळायचे नाहीत. मी साखळीचे, म्हणजे मशीन ज्या लोखंडी पट्ट्यांवर चालतं त्यांचे, रोलर हुबळीच्या भंगारातनं आणले होते, सील मुंबईहून, आणि पिना मिरजेत लेथवर वळवून घ्यायचो. एका बाजूनं झिजलेली पिन अर्धी फिरवून पुन्हा बसवली, की आणखी एक हंगाम निघायचा. त्या मशीनच्या अंगावर मूळचे पार्ट किती उरले होते, अल्लालाच ठाऊक. तरी ते चालायचं, आणि ते माझ्यामुळं चालतं याचा मला भारी माज होता.

आणि ते चालवायचा यल्लाप्पा धोत्रे. जातीनं वडार. बाप, आजा, सगळे घण आणि सुतकी घेऊन दगड फोडण्यात गेलेले. घरातला पहिला माणूस, जो दगडासमोर बसला तो सीटवर बसला. चौदा वर्षं त्याच सीटवर. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा, बोलायला रोखठोक, आणि कान असा की वीस फुटांवरनं कुठली पिन कोरडी पडलीय ते सांगायचा. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघं साखळीच्या सावलीत बसायचो. तो माझ्या डब्यातला खिमा-पाव खायचा, मी त्याच्या बायकोनं केलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. भांडणं रोजची होती, पण ती दोघांतली असायची. चारचौघांत तो मला पहिल्यांदाच खोटं पाडत होता.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बारा नंबरचा बूम, म्हणजे मशीनचा मुख्य हात, उलटा चालायचा. साऱ्या जगातल्या पोकलेनची दांडी मागं ओढली की बूम वर येतो, पुढं ढकलली की खाली जातो. बारा नंबरवर पुढं ढकलली की वर जायचा. फार पूर्वी कुणा मिस्त्रीनं बूमचे दोन पाइप जोडताना अदलाबदल केली होती, आणि यल्लाप्पा त्यावरच शिकला. पहिल्यांदा मी ते उघडलं तेव्हा म्हणालो, "आण्णा, हे सरळ करून देतो."

"हात लावू नको," तो म्हणाला. "हात बसलाय माझा. आता सरळ केलंस तर कुणाचं तरी डोकं फोडीन."

म्हणून मी दर वेळी ते दोन पाइप मुद्दाम उलटेच जोडायचो. खाणीवर हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. दुसरा कुणी सीटवर बसायचाच नाही.

पंपाच्या भांडणाला म्हणूनच धार होती. आदल्या महिन्यातच मालक म्हणाले होते, "आता मोठं काही निघालं तर याला भंगारात घालून नवीन आणायचं." पंप गेला म्हणजे बारा नंबर गेला, आणि बारा नंबर गेला म्हणजे चोपन्न वर्षांच्या यल्लाप्पाचा बसलेला हात गेला. हे त्याला कळत होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी यल्लाप्पाला क्रशरचा पट्टा आणायला मिरजेला पाठवलं. मी एकटाच मशीनवर चढलो. पंप खोलायचा तर आधी वरचं सोडवावं लागतं, पण माझा हात आपोआप खालच्या सक्शन पाइपकडं गेला. टाकीतनं पंपाला ऑइल नेणारा तो जाड पाइप. रात्रभर यल्लाप्पाचे शब्द डोक्यात घुमत होते ना. चार बोल्ट काढले, पाइप बाजूला केला, आणि बघतो तर जोडावरची रबरी रिंग एका बाजूनं तुटलेली. करंगळीएवढी फट. तिथनं पंप हवा ओढत होता.

तरी मी पंप खोलला. म्हटलं, दोन्ही असेल. अल्लाची कसम, मनात दुवा मागत होतो की पंप झिजलेला निघू दे. आतले पिस्टन काढून कापडानं पुसले. आरशासारखे चकचकीत. आणखी पाच वर्षं त्याला हात लावायची गरज नव्हती.

मी साखळीवर बसलो. तसली रिंग माझ्या पेटीत होती. सगळं परत जोडायला दोन तास, रिंग घालायला दहा मिनिटं. यल्लाप्पा यायच्या आत मशीन सुरू करून ठेवता आलं असतं. तो आला असता, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला असता, "काय मिस्त्री, मेला का पंप?" आणि तो डंपरवाला पुन्हा हसला असता. आठवडाभर हसला असता. मग ती गोष्ट जतपर्यंत गेली असती, की दस्तगीर मिस्त्रीला ऑपरेटरनं पंप शिकवला. एवढंच झालं असतं. एवढ्याशा गोष्टीला मी भ्यालो.

तेवढ्यात मालकांची जीप आली. बरोबर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता, हातात रंगीत कागद. नवीन मशिनींचा एजंट.

"काय निघालं, दस्तगीर?"

मी उठून उभा राहिलो. हातात पिस्टन होता, तो कापडात गुंडाळला.

"पंप संपला, मालक."

"यल्लाप्पा हवेचं काय म्हणत होता?"

बघा, तोंडाशी आणून घास दिला होता त्यांनी. "व्हय मालक, त्याचंच खरं निघालं," एवढं म्हणायचं होतं. हसले असते, संपलं असतं.

"हवा-बिवा काही नाही," मी म्हणालो. "ऑपरेटरचा जीव असतो मशीनवर. त्याला तसं वाटतं."

"नवा पंप?"

"या मॉडेलचा मिळत नाही. जुना शोधायला दोन-तीन महिने. तोही टिकेल याची खात्री नाही."

मालकांनी एजंटकडं बघितलं. एजंटनं रंगीत कागद बोनेटवर पसरला.

मी त्या तुटक्या रिंगेवरच पाइप परत चढवला आणि बोल्ट आवळले. मनाला सांगत होतो, मशीन म्हातारंच आहे, आज ना उद्या जाणारच. यल्लाप्पाला गार हवेची केबिन मिळेल. भलंच होईल त्याचं. स्वतःला फसवायला माणसाला फार वेळ लागत नाही.

दुपारी यल्लाप्पा टेम्पोतनं पट्टा घेऊन उतरला आणि सरळ माझ्याकडं आला.

"उघडलास?"

"उघडला."

"मग?"

"पंपच होता, आण्णा. पिस्टन पार झिजलेत."

मला वाटलं भांडेल, दाखव म्हणेल. काय दाखवायचं याची तयारी मी करत होतो. पण त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं.

"तू डोळ्यांनी बघितलंस, मग झालं," तो म्हणाला. "कान म्हातारा झाला म्हणायचा माझा. उगंच तुला चारचौघांत बोललो."

"जाऊ द्या हो."

"न्हाई, चुकलंच ते. राग धरू नको, मर्दा."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पान्यांची पेटी उचलली आणि मोटरसायकलला बांधू लागलो.

आठ दिवसांनी भंगारवाले आले. मोठं मशीन ट्रेलरवर चढेना, म्हणून त्यांनी तिथंच गॅस कटरनं बूम कापला. यल्लाप्पा त्या दिवशी कामावर आला नाही. बायकोला ताप आहे असं सांगून पाठवलं होतं.

नवीन मशीन पिवळंधमक, काचेची केबिन, आत पंखा, रेडिओ. हार घातला, नारळ फोडला. यल्लाप्पा सीटवर बसला आणि पहिल्याच झटक्यात बकेट वर घ्यायची ती दाणकन जमिनीवर आपटली. सगळे हसले. तोही हसला, पण खाली उतरला तेव्हा कपाळावर घाम होता.

त्यानं मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, दोन बारके पाइप बदलून दे की हिचे. आपल्यासारखं कर."

मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "गॅरंटीत आहे. बाहेरच्या माणसानं पाना लावला तर गॅरंटी रद्द." मालक म्हणाले, "वर्षभर काही करायचं नाही. शिकेल की तो."

शिकलाही तो. सावकाश चालवायचा, आणि चालवताना ओठ हलत असायचे. एकदा मी केबिनच्या दाराशी उभा राहून ऐकलं. "मागं वर, पुढं खाली. मागं वर, पुढं खाली." पहिलीतल्या पोरासारखा घोकत होता. चौदा वर्षं ज्याच्या हाताखाली दगड लोण्यासारखा निघायचा तो माणूस. डंपरवाले खोळंबायचे, शिव्या द्यायचे. मालकही एकदा म्हणाले, "यल्लाप्पा, जमत नसलं तर सांग, दुसरा बघतो." त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "जमंल मालक. आणि चार दिस द्या."

बाविसाव्या दिवशी मला बोलावणं आलं. बकेटचा एक दात सैल झाला होता. दात ठोकायला गॅरंटीचं काही आड येत नाही. सकाळी दहाची वेळ. यल्लाप्पानं बकेट एका दगडावर टेकवून धरली, मी खाली बसलो. इंजिन बंद करायचा नियम आहे, पण दहा मिनिटांच्या कामाला कोण बंद करतं? मी दाताची पिन ठोकली आणि पलीकडनं बसली का ते बघायला उजवा हात बकेटच्या कडेखाली घातला.

टेकू दिलेला दगड सरकला. बकेट थोडी खचली, हात अडकला. अजून लागलं नव्हतं. बोटभर वर उचलली असती तर हात निघाला असता.

"आण्णा, वर! वर घ्या, वर!" मी ओरडलो.

घोकायला वेळ कुठं होता? त्याचा हात चौदा वर्षं जिकडं गेला तिकडंच गेला. पुढं.

चार बोटं गेली. अंगठा राहिला. बेशुद्ध व्हायच्या आधी मला फक्त त्याचं तोंड दिसलं, काचेच्या आत. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

मिरजेच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. मी सांगितलं, दगड सरकला, कुणाची चूक नाही. यल्लाप्पावर केस झाली नाही. साऱ्या तालुक्यात माझं नाव झालं, की स्वतःचा हात गेला तरी दस्तगीरनं गरिबावर केस होऊ दिली नाही, काय मोठ्या मनाचा माणूस! मशिदीत लोक येऊन गळाभेट घ्यायचे. मी घ्यायचो.

यल्लाप्पा पुन्हा कुठल्याच मशीनवर बसला नाही. मालकांनी थांब म्हटलं तरी थांबला नाही. पंचावन्नाव्या वर्षी त्यानं बापाचा घण काढला आणि पाटे-वरवंटे घडवायला लागला. बायकोच्या डोक्यावर पाटी, आणि दोघं बाजार-बाजार हिंडायची. त्याच्या धाकट्या पोराचं कॉलेज त्यातच सुटलं.

मी दुकान टाकलं. बाबरांनी मदत केली, लोकांनी केली. मोठ्या मनाच्या माणसाला सगळेच मदत करतात. आणि दर वर्षी उरसाच्या आधी एकदा यल्लाप्पा दुकानात यायचा. माझ्या बायकोला, जैतूनला, एखादा छोटा खलबत्ता नाहीतर पाटा द्यायचा. माझ्यासमोर स्टुलावर बसायचा आणि माझ्या हाताकडं बघायचा. चहा प्यायचा नाही. "येतो मिस्त्री," म्हणून निघून जायचा. असं सोळा वर्षं चाललं.

सोळाव्या वर्षी आला तो काठी टेकत, दम लागलेला. छातीत दगडाची धूळ बसली होती, वडाराला बसते तशी. तो गल्ल्याजवळ टेकला आणि जैतून आतून बाहेर आली. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "किती वर्षं झुरवणार त्यांना? तोंडानं एकदा म्हणा की, माफ केलं म्हणून."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"आण्णा," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या बारा नंबरच्या पंपाचं..."

"त्याचंच!" तो एकदम म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "मला वाटायचंच, तुझ्या मनात तेच असणार. तू डोळ्यांनी बघणारा माणूस, तुझी विद्या. आणि मी अडाणी, चारचौघांत तुला खोटं पाडायला गेलो. गर्व झाला होता कानाचा. त्याचीच शिक्षा दिली देवानं, पण माझी शिक्षा तुझ्या हातावर पडली रे. एवढं पोटात ठेवून सोळा वर्षं जगलो. जायच्या आधी तेवढं माफ कर."

जैतून पदरानं डोळे पुसत होती. मला म्हणाली, "म्हणा की हो."

खरं सांगतो, तेव्हा सुद्धा वेळ होती. त्याचा कान त्याला परत देता आला असता. "आण्णा, तुमचंच बरोबर होतं," एवढे चार शब्द. पण समोर जैतून होती, जिनं सोळा वर्षं मला मोठ्या मनाचा मानलं होतं. आणि मी पुन्हा भ्यालो. पहिल्यांदा भ्यालो तसाच.

"केलं माफ, आण्णा," मी म्हणालो.

त्यानं मोठा श्वास सोडला. काठी भिंतीला लावली, गल्ल्याला धरून सावकाश खाली वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा माणूस.

मी पाय मागं घेतले नाहीत.